शिट्टी हे माप नव्हे

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'डाळ का शिजत नाही?' तिकडे येतोच. पण त्याआधी तीस वर्षं पोटात ठेवलेली एक तक्रार बाहेर काढतो. 'वरणाला किती शिट्ट्या?' हा प्रश्नच चुकीचा आहे. पुण्याला जायला किती हॉर्न लागतात, असं कुणी विचारतं का? (हशा)

आमच्या चाळीत स्वयंपाकघरं पाठीला पाठ लावून होती. आई पाणी भरायला गेली की शिट्ट्या मोजायचं काम माझ्याकडे. एकदा चार मोजल्या, गॅस बंद केला. वडील जेवायला बसले, तर भातावर पिवळं पाणी आणि खाली डाळ, दाताखाली कचकच. चारातल्या दोन भिंतीपलीकडच्या काकूंच्या होत्या! त्यांनीही आमच्या धरल्या असणार, कारण जरा वेळानं काकू वाटी घेऊन चिमूटभर सोडा मागायला आल्या. सोडाच का, ते पुढे सांगतो. विसरलो तर आठवण करा.

आता कुकरच्या आत बघा. वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी शंभराऐवजी साधारण 120 अंशांवर उकळतं. दाब वजनाला आवरेना की ते उचललं जातं, फुस्स करून वाफ सुटते, वजन परत बसतं. शिट्टी सांगते ती एवढंच, की दाब पुरेसा झाला. त्यानंतर आच मोठी ठेवलीत तरी आतलं तापमान वाढत नाही. गॅस जळतो, पाणी आटतं आणि शेजाऱ्यांचा हिशोब चुकतो. तेव्हा पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा आणि घड्याळ बघा. डेनिस पापां या फ्रेंच गृहस्थांनी 1679 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत असं भांडं दाखवलं, हाडं मऊ करणारं. भांडं फुटू नये म्हणून वजनाची झडपही त्यांचीच. त्या झडपेचं घड्याळ केलं ते आपण.

अध्यक्ष मनगट दाखवतायत. शिट्टी वाजवली नाही, हे उपकार. (हशा)

तर डाळ, भराभर. डाळीच्या पेशी पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थानं एकमेकींना चिकटलेल्या असतात. ते सुटलं की डाळ गळते. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम ते आणखी घट्ट करतं. आंबटही तसंच, म्हणून आमसूल, चिंच डाळ शिजल्यावर. सोडा पेक्टिन सोडवतो, पण बी-1 जीवनसत्त्वाची वाट लावतो. काकूंना तेव्हा कोण सांगणार! आणि महाबळेश्वरला उंचीमुळे हवेचा दाबच कमी, म्हणून उघड्या पातेल्यात पाणी 95-96 अंशांनाच उकळतं, तिथे डाळ रेंगाळणारच.

मघाशी हात वर केलेल्या वहिनी, तुमचे छोले रात्रभर भिजवूनही टणक राहिले ना? टोमॅटो आधीच घातला होतात का?