माणसं किती?

नमस्कार, श्रोतेहो.

आज बोलायचंय ते छोट्या मालकांशी. लोअर परळच्या गाळ्यात छपाई करणारे, मरोळला जॉबवर्क घेणारे, दादरला साड्यांचं दुकान चालवणारे. ‘तुमच्याकडे माणसं किती?’ असं विचारलं की यांच्याकडून झटकन उत्तर येतं, ‘आठ.’ मस्टरवर खरंच आठ नावं असतात. मग चहा येईपर्यंत कळतं, की पॅकिंगची दोन मुलं ठेकेदाराची आहेत, साफसफाईला एक मावशी येतात, हिशेब लिहायला एक बाई अर्धा दिवस बसतात आणि गावाहून आलेला पुतण्या पगार घेतो, पण ‘तसा घरचाच’ आहे. झाली की तेरा!

तुमचा गाळा केवढा आणि वर्षाला सुटतं किती, याच्याशी कामगार कायद्याला फारसं घेणं नाही. तो माणसं मोजतो. १० झाली की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आजारपण विमा, आणि ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम. २० झाली की प्रॉव्हिडंट फंड आणि बोनस. पीएफ आणि ईएसआयसाठी ठेकेदाराची माणसंही तुमच्यातच धरतात. पीएफसाठी तर शाखाही एकत्र. दादरच्या दुकानात १२ आणि ठाण्याच्या दुकानात ९ असतील, तर तुम्ही २१ माणसांचे मालक.

ग्रॅच्युइटीची मोजणी आणखी कडक. मागच्या बारा महिन्यांत एखाद्या दिवशी जरी १० माणसं कामावर असली, तरी कायदा लागू. म्हणजे एरवी सातावर भागणाऱ्या दुकानानं दिवाळीच्या गर्दीला तीन मुलं ठेवली, तर तोच तो दिवस. आणि एकदा लागू झाला की पुढे माणसं कमी झाली म्हणून सुटका नाही. ‘आता पाचच उरलेत हो’ हे सांगून उपयोग होत नाही.

लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदाही १० चाच आकडा लावतो आणि त्यात कायम, हंगामी, रोजंदारी, कंत्राटी, अगदी शिकाऊसुद्धा मोजले जातात. तक्रारी ऐकायला अंतर्गत समिती नेमायची, अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा. नाही नेमली तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. ‘आमच्याकडे सगळे कुटुंबासारखे राहतात’ हे वाक्य मला जिथे जिथे ऐकायला मिळतं, तिथे समितीचा कागद बहुधा नसतो. १० पेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. मुंबईत जिल्हे दोन, शहर आणि उपनगर. आपला कुठला, हे कामावरच्या बायकांना मालकानं आधीच सांगून ठेवायला हवं. भिंतीवरच्या फलकावर तेवढी जागा असते.

आता पैशाचं. पगारातून पीएफ कापला आणि भरला नाही, याला थकबाकी समजू नका. कापलेला पैसा कामगाराचा. तो वापरणं फौजदारी कायद्यात विश्वासघात ठरतं. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा. १९६१ च्या आयकर कायद्यात तर उशिरा भरलेल्या कामगाराच्या त्या वाट्याची वजावटही जायची. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये हे स्पष्ट केलं होतं. गिऱ्हाईकानं पैसे अडकवले म्हणून धंद्याची ओढाताण होते, हे मला मान्य आहे. पण मग दुसरं एखादं बिल थांबवा, हे नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांतली एक गोष्ट मुंबईतल्या पगारपत्रकांना चांगलीच झोंबणार आहे. आपल्याकडे मूळ पगार बारीक दाखवायचा आणि बाकी घरभाडं, प्रवास अशा भत्त्यांत टाकायचं, अशी जुनी चाल. समजा पगार २०,००० आणि त्यात मूळ ७,०००. आता असे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले, की वरची रक्कम वेतनातच धरली जाते. म्हणजे ७,००० नव्हे, १०,०००. दहा वर्षं काम केलेल्या माणसाची ग्रॅच्युइटी काढून बघा. वर्षाला १५ दिवसांचं वेतन, महिना २६ दिवसांचा धरून. ७,००० वर ती ४०,३८५ रुपये येते, १०,००० वर ५७,६९२. एका माणसामागे सतरा हजारांचा फरक! हे पैसे दरमहा थोडे बाजूला काढणाऱ्याला कळतही नाहीत. एकदम द्यायची वेळ आली की जुन्या माणसाशी भांडण होतं, आणि तेही वीस वर्षं सोबत काढलेल्या माणसाशी.

माणूस सोडून गेला, त्याला काढलं, काहीही असो, राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं. ‘दहा तारखेला ये, बघू’ हे आता चालणार नाही. मुदतीच्या करारावरच्या माणसाला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षं थांबावं लागत नाही, एक वर्ष पुरतं.

ठेकेदाराचं तेवढं सांगतो. त्यानं त्याच्या माणसांचा पीएफ भरला नाही, तर वसुली तुमच्या दारात येऊ शकते. म्हणून त्याचं बिल मंजूर करण्याआधी मागच्या महिन्याचा पीएफ भरल्याचं चलन मागा आणि त्यासोबतची नावांची यादीही. ती यादी घेऊन गाळ्यात एक फेरी मारा, समोरची माणसं तीच आहेत ना, ते बघा, आणि मगच चेकवर सही करा.