बर्फाने घडवलेला वीजघट

विमानात प्रत्येक किलोचा हिशेब द्यावा लागतो. चांगल्या लिथियम-आयन बॅटरीत किलोमागे साधारण २५० वॉट-तास ऊर्जा मावते. विमानाच्या केरोसीनमध्ये जवळपास १२,०००. म्हणून नुसत्या बॅटरीवर लांबचा पल्ला गाठणं आज अवघड आहे. मग केरोसीन न जाळता त्यातून थेट वीज काढता आली तर?

सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल हेच करतो. मध्ये झिर्कोनिया या सिरॅमिकचा पातळ थर. एका बाजूला हवा, दुसरीकडे इंधन. सुमारे ८०० अंश सेल्सिअसला हवेतल्या ऑक्सिजनचे आयन या सिरॅमिकमधून पलीकडे जातात आणि इंधनाशी संयोग पावतात. सुटलेले इलेक्ट्रॉन तारेतून मोटरकडे धावतात. शुद्ध हायड्रोजनच हवा असंही नाही, कार्बन मोनॉक्साइडही चालतो. त्यामुळे केरोसीनपासून बनवलेला वायू याला पचतो.

घोडं अडतं वजनापाशी. एका सेलमधून जेमतेम एक व्होल्ट मिळतो, म्हणून कितीतरी सेल एकावर एक रचायचे आणि दर दोन सेलमध्ये धातूची पट्टी घालायची. नेहमीच्या रचनेत वजनाचा मोठा वाटा या पट्ट्यांचाच. जमिनीवर ते खपतं, हवेत नाही.

क्लीव्हलँडच्या नासा ग्लेन केंद्रातल्या संशोधकांनी ही पट्टीच काढून टाकली. झिर्कोनियाची पूड पाण्यात कालवून तिचा पातळ थर थंडगार पृष्ठभागावर पसरायचा. बर्फाचे स्फटिक खालून वर वाढतात, खाली बारीक, वर रुंद. मग निर्वातात बर्फ वितळू न देता थेट वाफ करून उडवायचा. मागे उरतात बर्फाच्याच आकाराच्या सूक्ष्म वाटा! असे दोन थर, मध्ये झिर्कोनियाचं पातळ पटल, आणि सेलला सेल जोडायला लँथॅनम क्रोमाइट या वीजवाहक सिरॅमिकचा तितकाच पातळ थर. सगळा संच एकत्रच भट्टीत भाजायचा. इलेक्ट्रोडची रसायनं नंतर त्या वाटांमधून मुरवायची. दोन्ही बाजू सारख्या असल्यानं तापताना-निवताना ताण एकीकडे जात नाही. ही युक्ती मला फार सुंदर वाटते.

पण केरोसीनमधलं गंधक निकेलच्या इलेक्ट्रोडला मारक असतं. ते काढणारी यंत्रणा, इंधनाचा वायू करणारा रिफॉर्मर, उष्णतारोधक कवच, हे सगळं त्याच तराजूत घालायला हवं. शिवाय संच सावकाश तापवावा लागतो. घाई केली की सिरॅमिक तडकतं. तापवायला जेवढं वस्तुमान कमी, तेवढी उष्णता कमी लागते. म्हणजे घटवलेला प्रत्येक किलो विमान धावपट्टीवर उभं असतानाच कामी येतो.