परदेशी विलीनीकरणात विश्वास कुठे मोडतो
(सांगली येथे उद्योजक आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

दोन देशांतल्या कंपन्यांचे विलीनीकरण फसले की त्याचे खापर बहुधा संस्कृतीभेदावर फोडले जाते. जर्मन माणसे ताठर, अमेरिकन उतावळी, जपानी मनातले बोलत नाहीत आणि आपण प्रत्येक गोष्टीला मान डोलावतो, अशी ठरावीक वाक्ये मग ऐकू येतात. हे भेद खोटे आहेत असे मी म्हणणार नाही. पण फसलेले मोठे व्यवहार जवळून पाहिले, की आधी विश्वास मोडलेला आणि एरवी खपून गेल्या असत्या अशा सवयी त्यानंतर बोचू लागलेल्या, असाच क्रम मला दिसतो.

१९९८ च्या मे महिन्यात जर्मनीची डेम्लर आणि अमेरिकेची क्रायस्लर या मोटार कंपन्यांचे विलीनीकरण जाहीर झाले, तेव्हा ते बरोबरीच्या नात्याने होत असल्याचे जगाला सांगण्यात आले. श्टुटगार्टच्या डेम्लरची उतरंडीने चालणारी पद्धत आणि क्रायस्लरची झटपट निर्णयाची पद्धत यांत अंतर होतेच. अमेरिकी अधिकाऱ्यांचे पगार जर्मन अधिकाऱ्यांपेक्षा बरेच जास्त होते, तेही खुपत होते. तरीही हे सारे समोरासमोर बसून मिटण्यासारखे होते. खरा घाव बसला तो २००० साली, जेव्हा डेम्लरचे प्रमुख युर्गेन श्रेम्प यांनी एका मुलाखतीत, क्रायस्लर हा आपला एक विभाग व्हावा हाच आपला पहिल्यापासूनचा विचार होता, असे सांगून टाकले. भागधारक न्यायालयात गेले. त्याच वर्षी क्रायस्लरच्या अमेरिकी प्रमुखाला जावे लागले आणि त्याच्या जागी जर्मनीहून डीटर झेट्शे आले. ज्याला भागीदार म्हणून बोलावले त्याला हाताखालचा ठरवल्यावर त्याला तुमच्या बैठकीच्या वेळाही खटकणारच. २००७ साली डेम्लरने क्रायस्लरमधला ८०.१ टक्के हिस्सा विकला.

आपल्याकडचे उदाहरण याहून क्लेशदायक आहे. जपानच्या दाइइची सांक्यो या औषध कंपनीने २००८ साली आपली रॅनबॅक्सी ही औषध कंपनी विकत घेण्याचा करार केला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकी औषध नियामकांनी रॅनबॅक्सीच्या देवास व पाओंटा साहिब इथल्या कारखान्यांतल्या तीसहून अधिक औषधांची आयात थांबवली. पुढे २०१३ साली रॅनबॅक्सीने अमेरिकेत गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर मोजले, आणि २०१६ साली सिंगापूरच्या लवादाने, विक्रीच्या वेळी माहिती दडवल्याबद्दल जुन्या मालकांना भरपाई द्यायला सांगितले. शिष्टाचाराच्या कितीही कार्यशाळा घेतल्या असत्या, तरी हा प्रश्न सुटला नसता.

उलट, आपल्या जिल्ह्यात किर्लोस्करवाडीला १९१० साली मुळे रोवलेल्या किर्लोस्कर ब्रदर्सने २००३ मध्ये इंग्लंडची एसपीपी पंप्स ही कंपनी घेतली, तेव्हा तिचे नाव पुसले नाही. टाटा मोटर्सनेही २००८ साली जॅग्वार आणि लँड रोव्हर घेताना दोन्ही नावे व ब्रिटनमधले कारखाने राखले. घेणाऱ्याने काय बदलणार नाही हे सांगावे आणि ते पाळावे, याचे मोल मोठे असते.

संस्कृतीचा भेद खरोखर आडवा येतो तो रोजच्या कामात. कुपवाडच्या एमआयडीसीतली, जर्मन कंपनीने विकत घेतलेली एखादी फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना, डोळ्यांपुढे आणा. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, ब्लोहोल म्हणजे हवेने पडलेले भोक निघते. सुपरवायझर ते वेल्डिंगने भरतो, ग्राइंडर मारतो आणि माल ठरलेल्या तारखेला गाडीत चढवतो. आपण कंपनीचा शब्द राखला, या समाधानाने तो घरी जातो. जर्मनीत मशिनिंग करताना तो भराव उघडा पडतो. तिथला इंजिनिअर सगळा लॉट थांबवून विचारतो, की हा भाग कोणत्या हीटमधला, म्हणजे वितळलेल्या धातूच्या कोणत्या घाण्यातला, आणि दुरुस्तीला परवानगी कोणी दिली? आपल्या माणसाला वाटते, इतक्या वर्षांच्या कामावर संशय घेतला. त्या इंजिनिअरला वाटते, हे लपवले तर आणखी काय लपवले असेल. दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक असतात, म्हणूनच हा तिढा मला इतका महत्त्वाचा वाटतो.

अशा ठिकाणी नव्या मालकाने पहिल्याच महिन्यात लिहून द्यावे, की कोणती दुरुस्ती चालेल, ठरलेल्या मापापासून वा पद्धतीपासून झालेल्या कोणत्या फरकावर (डेव्हिएशनवर) कोणाची सही लागेल आणि रात्रपाळीत माल सदोष निघाला तर फोन कोणाला करायचा. आणि तो फोन करणाऱ्या पहिल्या माणसाला त्या महिन्यात मेमो मिळता कामा नये.