पंखाआधीचा हात

श्रोतेहो, नमस्कार. आज सुरुवातीलाच तुम्हाला एक काम सांगतो. आपल्या हाताची बोटं फाकवा आणि दोन बोटांमधल्या बेचकीकडे बघा. तिथं जी एवढीशी कातडी उरली आहे, ती आईच्या पोटात असताना पार बोटांच्या टोकापर्यंत होती. सहाव्या आठवड्याच्या सुमाराला आपला हात वल्ह्याच्या पात्यासारखा चपटा असतो. पुढच्या पंधरा दिवसांत बोटांच्या मधल्या पेशी ठरल्यासारख्या मरतात आणि बोटं सुटी होतात.

उंदरांत हेच होतं, मांजरांत हेच होतं. वटवाघळाच्या पायांतसुद्धा हेच होतं. हातांत मात्र होत नाही. वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हातच: चार लांबलचक बोटं, त्यांच्यात ताणलेलं पातळ कातडं, आणि बाहेर मोकळा राहिलेला नखवाला अंगठा.

हा हात घडतो कसा, हे पाहायला संशोधकांनी मुख्यतः मध्य आणि दक्षिण अमेरिकेतलं आखूड शेपटीचं एक फलाहारी वटवाघूळ निवडलं. शास्त्रीय नाव कॅरोलिया. त्याच्या गर्भाच्या वाढीचे टप्पे लावून दिले गेले ते २००५ साली. सुरुवातीच्या टप्प्यांत हा गर्भ आणि उंदराचा गर्भ शेजारी ठेवले, तर नवख्या माणसाची गफलत व्हावी. दोघांच्याही अंगावर हातापायांचे कोंभ फुटलेले असतात आणि कोंभांची चपटी पाती होत असतात. बोटांची कूर्चा, म्हणजे हाडाच्या आधीचा मऊ साचा, पहिल्यांदा दिसते तेव्हाही वटवाघळाची बोटं काही लांब नसतात, उंदराच्या बोटांच्याच मापाची असतात. मग एकाएकी ती वाढतच सुटतात. हाड लांब होतं ते त्याच्या टोकाजवळच्या कूर्चेतल्या पेशी फुगल्यामुळे. वटवाघळाच्या बोटांत फुगणाऱ्या पेशींचा हा पट्टा बराच रुंद असतो, आणि वाढीचा संदेश देणारं बीएमपी-२ हे प्रथिनही तिथं जास्त सापडतं. पंख इतके मोठे होतात की मधल्या एका टप्प्यावर ते चेहऱ्यावर येतात. गर्भ जणू दोन्ही हातांनी डोळे झाकून बसलेला दिसतो. संशोधनाच्या चित्रांत मला सगळ्यात आवडलेलं चित्र हेच.

आता कातड्याकडे येऊ. बोटं लांबली, पण मधलं कातडं टिकलं कसं? २००६ साली एक सुटसुटीत उत्तर मिळालं. बोटांमधल्या पेशींना ‘मरा’ असा हुकूम देतात ती बीएमपी प्रथिनंच. (हो, तीच मघाची मंडळी. गर्भात एकच निरोप्या जागा बदलली की वेगळा निरोप सांगतो.) वटवाघळाच्या हातात या हुकमाला अडवणारं ग्रेमलिन नावाचं प्रथिन बोटांच्या मधे हजर असतं. शिवाय तिथं एफजीएफ-८ हा पेशींना जगवणारा संदेशही चालू असतो. पायात हे दोन्ही नाहीत. संशोधकांनी हातात बीएमपी वाढवून एफजीएफही अडवलं, तेव्हा कुठे कातड्याच्या पेशी मरू लागल्या. म्हणजे मरण टळलं म्हणून पंख झाला. जवळपास वीस वर्षं ही गोष्ट अशीच सांगितली गेली. मीही अशीच सांगत आलो.

मग २०२५ साली एक नवा अभ्यास आला. त्यात कॅरोलियाच्या आणि उंदराच्या गर्भातली एकेक पेशी वेगळी करून तिच्यात कोणती जनुकं चालू आहेत ते वाचलं. तेव्हा दिसलं की वटवाघळाच्या हातातही बोटांच्या मधल्या पेशी मरत असतातच. मग पंखाचं कातडं येतं कुठून? ते तंतुजनक पेशींच्या, म्हणजे कातडीखालचे धागे विणणाऱ्या पेशींच्या, एका वेगळ्याच गटापासून तयार होतं. या पेशींत मेईस-२ आणि टीबीएक्स-३ ही जनुकं जोरात चालू असतात. गंमत अशी, की ही जनुकं वटवाघळाची खास नव्हेत. कोणत्याही सस्तन प्राण्याचा हात फुटू लागतो तेव्हा खांद्याकडच्या भागात ती काम करतात. वटवाघळानं तीच कामाची यादी पुढं, बोटांपर्यंत नेली. उंदराच्या गर्भात ही दोन जनुकं बोटांच्या भागात मुद्दाम चालू केली, तेव्हा त्याची बोटं जुळलेली निघाली. म्हणून २००६ चे प्रयोग खोटे ठरले असं मी म्हणणार नाही. त्यांतून आपण काढलेला अर्थ तोकडा होता.

बोटं आणि कातडं झालं. पण या सगळ्याला वेळ किती लागतो? इथं वटवाघळाची मादी फार हुशारीनं वागते. थंड प्रदेशातल्या वटवाघळांना हिवाळ्यात किडे मिळत नाहीत, ती गारठून झोपून राहतात. अशा वेळी पिल्लू झालं तर जगणार कसं? उत्तर अमेरिकेतल्या छोट्या तपकिरी वटवाघळाची मादी शरदात जोडीदाराशी मीलन करते, पण त्याचे शुक्राणू हिवाळाभर गर्भाशयात सांभाळून ठेवते. बीजांड सुटतं ते वसंतात जाग आल्यावर. मग ५० ते ६० दिवसांत पिल्लू. युरोपातल्या लांबपंखी वटवाघळात फलन शरदातच होतं, पण गर्भ नुसत्या पेशींचा गोळा म्हणून थांबतो, गर्भाशयाला चिकटत नाही. आणि कॅलिफोर्नियाच्या पानासारख्या नाकाच्या वटवाघळात गर्भ वेळेवर चिकटतो, पण वसंत येईपर्यंत अगदी मुंगीच्या पावलांनी वाढतो. म्हणजे घड्याळ थांबवायच्या तीन जागा आणि तीन वेगळ्या युक्त्या.

बहुतेक जातींत एका वेळी एकच पिल्लू होतं, पण ते केवढं! जन्मतः त्याचं वजन आईच्या वजनाच्या पाव हिश्श्याइतकं असू शकतं. साठ किलोच्या बाईला पंधरा किलोचं बाळ झालं म्हणा ना. पुष्कळ जातींत ते पायाळू येतं, आधी पाय आणि मग डोकं. त्याचे पंख अजून छोटे, लवचिक आणि घडी घातलेले असतात. उडायला ते काही आठवड्यांनी उपयोगी पडतील. पण पायाचे पंजे जवळजवळ मोठ्या वटवाघळाच्या मापाचे असतात. पोटात असताना ज्यांच्या मधलं कातडं विरून गेलं होतं, ती ही बोटं सुटी आणि नखं अणकुचीदार. डोळे उघडण्याआधीच पिल्लू त्यांनी आईच्या अंगावरची लव घट्ट पकडतं.