मोठ्या अंड्याची कोंबडी

(वजनकाटा. तीन अंडी, एकेक करून.)

५१ ग्रॅम. ५८. आणि हे... ६८.

तिन्ही कोंबड्यांचं वय सारखं, खाद्यही एकच. फरक जातीचा. युरोपातल्या प्रतवारीत ६३ ग्रॅमपासून पुढचं अंडं मोठं धरतात. म्हणजे या तिघांत मोठं एकच, आणि ते घालणारी ही.

(काळी कोंबडी, जवळून.)

मिनोर्का. भूमध्य समुद्रातल्या बेटाचं नाव लावणारी. काळी कुळकुळीत, पिसांवर हिरवी झाक, तुरा एका डोळ्यावर कललेला. कानाची पाळी बघा, चुना लावल्यासारखी पांढरी. भूमध्य गटातल्या कोंबड्यांत ही सगळ्यात वजनदार. अंडं पांढरं आणि मोठं. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, क्वचितच बसते.

तिच्या शेजारची दुसरी काळी मात्र मिनोर्का नाही. हिच्या कानाची पाळी लाल आहे. ही ऑस्ट्रेलॉर्प, अंडं फिकट तपकिरी. १९२२-२३ मध्ये हिच्या जातीच्या ६ कोंबड्यांनी ३६५ दिवसांत १८५७ अंडी घातली, तो विक्रम अजून सांगितला जातो. पण तो संख्येचा विक्रम. अंडं मोठं हवं असेल, तर फक्त संख्येला भुलून चालत नाही.

(उजेडासमोर धरलेलं अंडं. आत बलकाची सावली हलते.)

अंड्याचा आकार टरफलात ठरत नाही, तो इथे, पिवळ्या बलकात ठरतो. शेवटच्या आठ-दहा दिवसांत बलक झपाट्याने भरतो, मग सुटून अंडनलिकेत उतरतो. सुमारे तीन तास त्याच्याभोवती पांढरा बलक चढतो. तासाभराहून थोडा जास्त वेळ पातळ पापुद्र्यांना. आणि मग टरफल, त्याला तब्बल वीस तासांच्या आसपास. बलक मोठा, तर पुढचं सगळंच मोठं.

(अंडं बाहेर येतं. ओलं, चकाकतं. बघता बघता सुकतं.)

मोठा बलक भरायला अंगात वजन लागतं. म्हणून तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, पहिल्या अंड्यावर येते तेव्हा ती किती भरली आहे, याला फार महत्त्व. संकरित कोंबडी विसाव्या आठवड्याच्या आसपास अंड्यावर येते, जुन्या जाती त्याहून उशिरा. लोक त्यांना आळशी म्हणतात. म्हणोत. दिव्याचा उजेड वाढवून घाईने अंड्यावर आणलेली हलकी तलंग लहान अंडी घालते, आणि ती उणीव पुढेही बरीच राहते.

लहान अंगाच्या तलंगेला मोठं अंडं आलं तर ते अडकतं, कधी अंडनलिका बाहेर येते. आणि वय वाढलं की अंडं वाढतं पण टरफलाचा माल तेवढाच, म्हणून ते पातळ होतं.

(कोंबडा. मागे पिल्लं.)

आता हा कोंबडा. अंडं न घालणारा, म्हणून निवडीत विसरला जाणारा. अंड्याचं वजन हा गुण पुढच्या पिढीत चांगला उतरतो, संख्येपेक्षा जास्त, आणि त्यात अर्धा वाटा याचा. नुसतं जातीचं नाव पुरत नाही. प्रदर्शनासाठी पोसलेल्या मिनोर्कात तुरा निवडलेला असतो, अंडं नाही. पिल्लं घेताना आईच्या अंड्यांच्या वजनाची नोंद मागा, आणि कोंबड्याच्या आईचीही.