व्होल्डेमॉर्ट एकटा का मेला?

मंडळी, नमस्कार. हॅरी पॉटरच्या शेवटच्या सिनेमावरच्या चाहत्यांच्या प्रतिक्रिया म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रडणारी, किंचाळणारी, गळ्यात लाल-सोनेरी पट्ट्यांचा मफलर घातलेली मुलं येतात. ती होतीच. पण त्याच मुलांनी सिनेमागृहातून बाहेर पडल्यावर जे प्रश्न विचारले, ते मला कुठल्याही समीक्षकाच्या लेखाइतकेच मोलाचे वाटतात. आज त्या प्रश्नांबद्दल बोलायचं आहे, आणि त्यातही मुख्यतः एका प्रसंगाबद्दल, हॅरी आणि खलनायक व्होल्डेमॉर्ट यांच्या शेवटच्या द्वंद्वाबद्दल.

सिनेमा तुम्हाला माहीत आहे. 'हॅरी पॉटर अँड द डेथली हॅलोज', भाग दुसरा. दिग्दर्शक डेव्हिड येट्स, पटकथा स्टीव्ह क्लोव्हस यांची. १५ जुलै २०११ रोजी अमेरिका, ब्रिटन आणि भारत, तिन्हीकडे एकाच दिवशी तो लागला. त्याआधी ७ जुलैला लंडनच्या ट्रॅफल्गर चौकात पहिल्या खेळाचा सोहळा झाला. त्या चौकात सिनेमाचा असा सोहळा पूर्वी कधी झाला नव्हता. पोरं आधीपासून पावसात तंबू ठोकून बसली होती. मूळ पुस्तकांच्या लेखिका जे. के. रोलिंग यांनी तिथे जमावाला सांगितलं, की पुस्तकाच्या पानांतून या किंवा पडद्यावरून या, हॉगवर्ट्स, म्हणजे हॅरीची ती जादूची शाळा, तुमच्या स्वागताला कायम असेल. त्यावर चौकात जो हुंदका फुटला तो चित्रफितीत ऐकू येतो. अमेरिकेत नुसत्या मध्यरात्रीच्या खेळांनी चार कोटी पस्तीस लाख डॉलर मिळवले. तो तेव्हाचा विक्रम होता.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. शेवटचं पुस्तक २१ जुलै २००७ ला आलं होतं. म्हणजे सिनेमा आला तेव्हा शेवट काय होणार हे वाचकांना चार वर्षं ठाऊक होतं. कोण मरतं, कोण जगतं, कोण खरा कोण खोटा, सगळं पाठ. उत्कंठा म्हणून कोणी आलंच नव्हतं. प्रत्येकाने मनात तो शेवट आधीच एकदा रंगवला होता, आणि पडद्यावरचा शेवट त्याच्या शेजारी ठेवून पाहिला जाणार होता. कीर्तनाला बसणाऱ्या माणसाला आख्यान माहीत असतं, तरी तो बुवा ते कसं लावतात याकडे कान देऊन असतो. हा श्रोता तसा होता.

मुंबईत तो शुक्रवार विचित्र होता. बुधवारी, १३ जुलैच्या संध्याकाळी झवेरी बाजार, ऑपेरा हाउस आणि दादर इथे बाँबस्फोट झाले होते. घरच्यांनी पोरांना गर्दीत जाऊ नका म्हणून सांगितलं होतं, तरी पोरं आली. मी ज्या थिएटरात होतो तिथे दारावर पिशव्या तपासून आत सोडत होते, बाहेर पाऊस कोसळत होता, आणि आत हॅरीच्या मित्राची आई मॉली वीस्ली व्होल्डेमॉर्टच्या बाजूच्या बेलाट्रिक्सच्या समोर उभी राहिली तेव्हा अशा शिट्ट्या पडल्या की पुढची दोन वाक्यं कोणालाच ऐकू आली नाहीत. माझ्या शेजारच्या दोन मुली जवळजवळ अर्धा सिनेमा एकमेकींचा हात धरून रडत होत्या. मध्यंतरात त्यातली एक दुसरीला म्हणाली, "पण क्रीचर कुठेय?" क्रीचर म्हणजे तो म्हातारा घरगडी पिशाच्च. पुस्तकात स्वयंपाकघरातले सगळे घरगडी सुरे-सुऱ्या घेऊन युद्धात उतरतात आणि तो त्यांच्या पुढे असतो. सिनेमात तो प्रसंग नाही. रडणं आणि हिशेब मागणं एकाच माणसात, एकाच वेळी चालू होतं. मला त्यात काही विसंगत वाटत नाही. जीव लावलेला असतो म्हणूनच हिशेब मागितला जातो.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो.

पुस्तकात शेवटचं द्वंद्व हॉगवर्ट्सच्या मोठ्या सभागृहात होतं. रात्रभर लढून दमलेले, जखमी लोक भिंतींना टेकून उभे आहेत. विद्यार्थी, शिक्षक, घरगडी, आईबाप. मधे मोकळी जागा, आणि त्यात हॅरी व व्होल्डेमॉर्ट एकमेकांभोवती फिरताहेत. हॅरी सगळ्यांना सांगतो, कोणी मधे पडू नका. आणि मग तो बोलतो. बराच वेळ बोलतो. त्याला 'रिडल' म्हणून हाक मारतो, म्हणजे आईबापांकडून मिळालेल्या नावाने, जे पुसून टाकण्यात त्या माणसाचं आयुष्य गेलं. व्होल्डेमॉर्टचा समजला जाणारा शिक्षक स्नेप शेवटपर्यंत शाळेचे मुख्याध्यापक डम्बलडोर यांचा माणूस होता हे तो सगळ्यांदेखत सांगतो. तुझ्या हातातली एल्डर छडी, जादूची सगळ्यात बलवान छडी, तुझी नाही, तिचं स्वामित्व शाळेतल्याच ड्रेको मॅल्फॉयकडे गेलं होतं आणि ड्रेकोकडून माझ्याकडे आलं, हे समजावतो. आणि, मला हा सगळ्यात मोठा क्षण वाटतो, तो त्याला पश्चात्तापाची संधी देतो. प्रयत्न करून बघ म्हणतो. मग खिडकीतून सूर्याची पहिली किरणं येतात, दोन मंत्र एकदम उच्चारले जातात, आणि व्होल्डेमॉर्टचा शाप त्याच्यावरच उलटतो. तो पडतो. साध्या माणसासारखा पडतो. हातपाय पसरलेले, पांढरे हात रिकामे. नंतर त्याचं प्रेत उचलून बाजूच्या एका खोलीत ठेवतात, हॅरीच्या बाजूने लढून मेलेल्या फ्रेड, ल्यूपिन, टाँक्स यांच्यापासून दूर.

सिनेमात काय होतं? हॅरी त्याला मिठी मारून उंचावरून खाली उडी घेतो, दोघं हवेत गरगरत जातात, चेहरे एकमेकांत मिसळतात. मग बाहेरच्या मोकळ्या अंगणात फक्त दोघंच. दुसरीकडे हॅरीचा वर्गमित्र नेव्हिल व्होल्डेमॉर्टच्या नागिनी या सापाचं मुंडकं उडवतो, मंत्रांची टक्कर होते आणि व्होल्डेमॉर्टच्या अंगाचे जळक्या कागदासारखे कपटे उडत वर जातात. पाहायला कोणी नाही. प्रेत नाही.

चाहत्यांची सगळ्यात मोठी, सगळ्यात टिकलेली तक्रार हीच. आणि ती 'पुस्तकात असं नाही' एवढीच नाही. त्यांचे मुद्दे ऐका. ज्याचं नाव घ्यायला अख्खा समाज घाबरत होता, तो मेला हे त्या समाजाने डोळ्यांनी पाहायला नको का? हा राक्षस एकदा नाहीसा होऊन परत आलेला आहे. तेरा वर्षं लोक म्हणत होते की तो गेला, आणि तो गेला नव्हता. मग या वेळी प्रेत हवंच. कपटे होऊन उडालेला माणूस उद्या परत येणार नाही हे नेव्हिलच्या आजीला कोण पटवणार? आणि दुसरा मुद्दा त्याहून खोल. या माणसाने मरण टाळण्यासाठी आत्म्याचे तुकडे केले. आपण इतरांसारखे नाही, हा त्याचा अट्टहास. त्याला कपटे करून आकाशात उडवलंत तर शेवटी तुम्ही त्याचंच म्हणणं मान्य केलंत. पुस्तकाने त्याला जमिनीवर पाडून सांगितलं, की बघा, हाही मर्त्य होता.

विशी-पंचविशीतल्या मुलांनी, ज्यांनी साहित्याचा अभ्यास केलेला नाही, हे एकमेकांशी वाद घालत काढलं. ही रीतसर समीक्षा आहे. आपल्याकडे भीम-दुर्योधनाचं गदायुद्ध ऐकताना बलराम तिथे साक्षीला होता हे आपण विसरत नाही. त्याचा राग हा त्या युद्धाच्या अर्थाचाच भाग आहे. साक्षीदार काढले की युद्धाचा निकाल तोच राहतो, अर्थ बदलतो.

येट्स यांच्या बाजूने बोलणारे चाहतेही होते, आणि त्यांचंही ऐकण्यासारखं आहे. पडद्यावर दोन माणसं गोल फिरत पाच-सात मिनिटं छडीच्या मालकीहक्काबद्दल बोलली असती तर लोक जांभया देऊ लागले असते, असं ते म्हणतात. शिवाय द्वंद्वानंतर हॅरी सभागृहातून चालत जातो तो प्रसंग त्यांना फार आवडतो. जयघोष नाही, लोक थकून बसलेत, कोणी चहा पितंय, शाळेचा धिप्पाड रखवालदार हॅग्रिड येऊन त्याला कवेत घेतो. मलाही तो तुकडा आवडतो. पण तो आवडला म्हणून अंगणातल्या एकांताचं समर्थन होत नाही. सभागृहात द्वंद्व होऊनही ती शांतता दाखवता आली असती.

छडीचंही तसंच. पुलावर उभा राहून हॅरी एल्डर छडी मोडतो आणि दरीत फेकतो. ज्यांनी पुस्तक वाचलं नाही त्यांनी टाळ्या वाजवल्या. वाचकांचा जीव मात्र दुसऱ्याच छडीत अडकला होता. अकराव्या वर्षी दुकानात ज्या छडीने हॅरीला निवडलं, फिनिक्सचं पीस असलेली, ती आधीच्या भागात मोडली होती. पुस्तकात तो एल्डर छडीचा उपयोग एकदाच करतो, आपली जुनी छडी सांधण्यासाठी. जगातलं सगळ्यात बलवान शस्त्र हाती आलं आणि त्याने मागितलं काय, तर आपलं लहानपणचं परत. अर्ध्या मिनिटात दाखवता आलं असतं. याची हळहळ मला अजून वाटते.

आता हे चाहते पुस्तकाच्या शब्दाशब्दाला चिकटून बसलेले होते, असा समज करून घेऊ नका. सिनेमाने पदरचं घातलेलं त्यांनी उचलून धरलं. पुतळ्यांना जिवंत केल्यावर मॅकगोनॅगल बाई लहान मुलीसारख्या हसून म्हणतात, की हा मंत्र कधीपासून वापरायचा होता. ते वाक्य पुस्तकात नाही, आणि त्याच्यावर चाहत्यांनी जीव टाकला. स्नेप हॅरीच्या आईचा, लिलीचा मृतदेह छातीशी धरून आक्रंदतो, तेही पुस्तकात नाही. ॲलन रिकमन यांनी ते असं केलं की सिनेमागृहात नाक ओढण्याचे आवाज येत होते. तरी तिथेही काही वाचक थबकले. त्यांनी दाखवून दिलं, की त्याच्या मागे पाळण्यात छोटा हॅरी रडतोय आणि स्नेप त्याच्याकडे बघतही नाही. हे प्रेम की आसक्ती? हा वाद आजही मिटलेला नाही, आणि मिटू नये. रिकमन यांना ऑस्करचं नामांकनही मिळालं नाही याचा राग मात्र सर्वांचा एक. सिनेमाला कला दिग्दर्शन, रंगभूषा आणि दृश्य परिणाम अशी तीन नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. जानेवारी २०१६ मध्ये रिकमन गेले तेव्हा लोक किंग्ज क्रॉस स्थानकावर, कथेत हॉगवर्ट्सची गाडी जिथून सुटते त्या पावणेदहा नंबरच्या फलाटाच्या पाटीखाली फुलं ठेवून आले.

फ्रेडचं मरण पडद्याआड झालं, भाऊ पर्सी आणि त्याचा समेट गाळला गेला, याबद्दल मी जास्त बोलत नाही. आठ सिनेमांतला हा सगळ्यात छोटा, दोन तास दहा मिनिटांचा. वेळ नव्हता हे कारण इथे लागू पडत नाही, एवढंच म्हणतो.

२०२३ च्या एप्रिलमध्ये एचबीओने सातही पुस्तकांवर नव्याने मालिका करायचं जाहीर केलं. तेव्हापासून जुने चाहते आपापल्या मागण्या सांगताहेत, आणि त्यात सभागृहातलं द्वंद्व अगदी वर आहे. मराठीत ज्यांनी 'हॅरी पॉटर आणि परीस'पासून सुरुवात केली, त्यातले कितीतरी आता आईबाप झालेत आणि मुलांसोबत ही मालिका पाहतील. माझी मागणी चाहत्यांचीच आहे. भिंतीला टेकून उभे असलेले ते दमलेले लोक दाखवा, हॅरीला त्याला 'रिडल' म्हणू द्या, पश्चात्ताप कर म्हणून सांगू द्या. आणि पडल्यावर कॅमेरा थोडा वेळ त्या रिकाम्या हातांवर थांबवा. आता तुमचे प्रश्न घेऊ या. ज्यांना येट्स यांचा शेवट पटला आहे, त्यांनी आधी बोलावं.