आधी बघू द्या, मग क्लिक
(केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. विषयपत्रिकेत लिहिलंय, 'चित्रावर क्लिकच्या लपलेल्या जागा असणारी पीपीटी तयार करणे'. ती कशी करायची हे मी सांगणारच आहे. पण कृती छोटी आहे. ती कशासाठी करायची यावर आपण तंत्रस्नेही मंडळी फारसं बोलत नाही, म्हणून आधी ते.

आपल्या ग्रुपवर किल्ल्यांच्या पीपीटी फिरतात, त्या आठवा. पहिल्याच स्लाइडवर गडाचा सुरेख फोटो असतो. त्यावर लाल वर्तुळं, लुकलुकणारे बाण आणि प्रत्येक बाणाशी 'येथे क्लिक करा'. क्लिक केलं की खळ्ळकन काच फुटल्याचा आवाज! महादरवाजाला काच कुठून आली हो? हसताय, म्हणजे तुमच्याकडेही आलीय ती. पोरं खूश होतात, मान्य. पण ती बघतात काय? बाण. एक झाला की दुसरा. बाण संपले, पाठ संपला, आणि तेवढ्या वेळात गडाकडे कुणीच पाहिलेलं नसतं. मेहनत करून केलेल्या पीपीटीत फोटोच झाकून जावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं. चित्र हाच पाठ आहे. त्यावर काही चिकटवायचंच कशाला?

चौथीच्या वर्गात मी टच बोर्डवर रायगडावरच्या जगदीश्वर मंदिराचा फोटो लावला. नाव नाही, बाण नाही. एवढंच म्हटलं, "ज्यांनी हा गड बांधला, त्यांचं नाव या चित्रात आहे. शोधा." पहिला हात घुमटाकडे गेला. काहीच झालं नाही. मग दरवाजाची चौकट, मग भिंत. एक जण ठामपणे म्हणाला, "एवढ्या मोठ्या माणसाचं नाव वरतीच असणार." अर्ध्या वर्गाला ते पटलं आणि वरचा सगळा भाग दाबून झाला. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून फळ्याजवळ आली, वाकली आणि म्हणाली, "बाई, या पायरीवर कायतरी कोरलंय." तिनं बोट लावलं आणि पडद्यावर ती पायरी मोठी होऊन आली : 'सेवेचे ठायी तत्पर', आणि पुढे हिरोजी इंदुलकरांचं नाव.

पुढचा प्रश्न पोरांनीच विचारला. नाव पायरीवर का? लोक पाय देतील ना त्यावर! कुणी म्हणालं, महाराज दर्शनाला येताना त्यांची पायधूळ लागावी म्हणून. मग महाराजांची समाधी मंदिरासमोरच आहे, हे कळल्यावर त्यावर आणखी बोलणं झालं. त्या पायरीवर बाण असता, तर मुलांनी ओळ वाचली असती आणि पुढच्या बाणाकडे वळली असती. शोधावं लागलं म्हणून 'तिथेच का' हे सुचलं.

ही कल्पना जुनी आहे बरं का. १९८७ साली ॲपलचं हायपरकार्ड हे सॉफ्टवेअर आलं, बिल ॲटकिन्सन यांनी केलेलं. त्यात चित्रावर पारदर्शक बटण ठेवता यायचं. १९९३ चा 'मिस्ट' हा खेळ त्यातच घडवला होता. चित्र निरखायचं, संशय येईल तिथे क्लिक करायचं. आपल्याला हवी असलेली सवय हीच.

साहेब घड्याळ दाखवतायत, तेव्हा आता भरभर सांगते, लिहून घ्या.

फोटो स्लाइडभर लावा. इन्सर्टमधून शेप घ्या; वेडावाकडा भाग असेल तर फ्रीफॉर्म. तो त्या जागेवर बसवा आणि रंग आधी अर्धवट पारदर्शक ठेवा, म्हणजे नेमका बसलाय का ते दिसतं. मग लिंक देण्यासाठी कंट्रोल-के, 'प्लेस इन धिस डॉक्युमेंट', हवी ती स्लाइड निवडा. शेवटी आउटलाइन काढा आणि ट्रान्स्परन्सी १०० टक्के करा. 'नो फिल' करू नका, नाहीतर आतल्या भागावर क्लिक लागत नाही. पुढच्या स्लाइडवर पूर्ण स्लाइडभर तसाच पारदर्शक शेप टाकून त्याला मूळ चित्राची लिंक द्या, म्हणजे कुठेही बोट लावलं तरी परत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ट्रान्झिशन्समध्ये 'ऑन माउस क्लिक'ची खूण काढून 'अप्लाय टू ऑल' करा. नाहीतर चुकीच्या जागी क्लिक झालं की पुढची स्लाइड येते आणि उत्तर फुटतं.

माउस वापरत असाल तर तो आपल्याच हातात ठेवा. लपलेल्या जागेवर गेला की बाणाचा पंजा होतो. पोरं दोन मिनिटांत हे ओळखतात आणि चित्र सोडून पंजा शोधत बसतात. मुलांनी आधी जागा सांगायची, कारण सांगायचं, मग आपण क्लिक करायचं. टच बोर्डवर ही अडचण नाही.

आणि फोटो आपल्या गावचा घ्या. वेस, बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर, वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मृतिदगड. वीरगळ तर यासाठी उत्तमच : सर्वात खाली लढाई नाहीतर पडलेला वीर, त्याच्या वर त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर बहुधा चंद्र-सूर्य. प्रत्येक थराला एक शेप पुरतो. वाचायची खालून वर, पण हे मुलांना आधी सांगू नका.